गॅस संपत नाही

मोटारीचा एसी गरम हवा फेकू लागला की चामोर्शीपासून चंद्रपूरपर्यंत निदान बहुधा एकच होते: गॅस संपला. गॅस भरला जातो, काही दिवस गाडी गार राहते आणि नवतपा लागता लागता पुन्हा तीच गरम झळ तोंडावर येते. मग पुन्हा गॅस भरला जातो. या सगळ्या धावपळीत एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. बंद नळ्यांत कोंडलेला गॅस गेला कुठे?

पेट्रोल जळते, म्हणून संपते. ब्रेकचे पॅड झिजतात, म्हणून बदलावे लागतात. एसीतला गॅस जळत नाही आणि झिजतही नाही. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा जितका गॅस आत होता, तितकाच वर्षानुवर्षे फिरत राहावा अशी ही रचना आहे. रबरी नळ्या आणि सांध्यांतून वर्षाकाठी काही ग्रॅम झिरपतात, हे खरे. पण एका उन्हाळ्यात एसी बंद पडेल इतका गॅस कमी झाला असेल, तर कुठेतरी भोक आहे. आणि गॅस पुरेसा असूनही हवा गरम येत असेल, तर दोष तिसरीकडेच आहे. दोन्ही वेळा नुसता गॅस भरणे हा इलाज नव्हे.

हमालाच्या फेऱ्या

एसी गारवा तयार करत नाही. तो गाडीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. गॅस हा या कामावरचा हमाल: आत ओझे उचलायचे, बाहेर उतरवायचे, रिकाम्या हाताने परत यायचे.

आज रस्त्यावरच्या बहुतेक मोटारींत आर-134ए नावाचा गॅस असतो. हवेच्या साध्या दाबाखाली तो उणे 26 अंश सेल्सिअसला उकळतो. दाब वाढवला की उकळण्याचे तापमान चढते, कमी केला की उतरते. एसीची सगळी करामत या एका गुणावर उभी आहे. डॅशबोर्डमागे कूलिंग कॉइल असते. तिच्यात दाब इतका कमी ठेवतात की गॅस शून्य ते पाच अंशांना उकळावा. उकळायला उष्णता लागते. ती गाडीतल्या हवेतून ओढली जाते आणि हवा गार होते. उकळून वाफ झालेला गॅस कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबतो. दाबलेली वाफ सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापते. ती गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जाते, बाहेरच्या हवेला उष्णता देते आणि द्रव होते. हा द्रव ड्रायरमधून गाळून एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रापाशी येतो. तिथे दाब एकदम पडतो आणि गॅस पुन्हा कॉइलमध्ये उकळायला लागतो.

लहान मोटारीत साधारण साडेचारशे ग्रॅम गॅस असतो. तेवढ्यावर घरातल्या एक टनाच्या एसीइतके काम करायचे, तर त्या गॅसला मिनिटाला चारेक फेऱ्या माराव्या लागतात. गडचिरोलीहून आलापल्लीला पोचेपर्यंत तोच गॅस शेकडो वेळा उकळतो आणि शेकडो वेळा द्रव होतो. त्यातला एक ग्रॅमही खर्च होत नाही. घरच्या कूलरचे गणित वेगळे आहे. तितकीच उष्णता काढायला कूलरला तासाला पाचेक लिटर पाणी उडवावे लागेल. ते पाणी हवेत जाते ते जातेच, म्हणून टाकी भरत राहावी लागते. मोटारीच्या एसीलाही अशीच टाकी असावी आणि ती अधूनमधून भरायची असते, हा समज बहुधा इथूनच आला असावा.

मोटारीत हे यंत्र बसवायला माणसाला बरीच खटपट करावी लागली. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने 1939 मध्ये कारखान्यातून एसी बसवलेली मोटार बाजारात आणली. कूलिंग कॉइल डिकीत होती आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर बोनेट उघडून पट्टा काढावा लागे. 1954 मध्ये नॅश कंपनीने सगळी यंत्रणा बोनेटखाली आणि डॅशबोर्डमागे बसवली. आजच्या गाड्यांत साधारण तीच मांडणी आहे. तेव्हाचा गॅस आर-12 होता. तो वातावरणातला ओझोन खातो, असा इशारा मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये दिला. 1987 मध्ये माँट्रियल करार झाला, 1992 मध्ये भारत त्यात सामील झाला आणि मोटारींत आर-12 ची जागा आर-134ए ने घेतली.

पंचेचाळीस अंशांची अडचण

उष्णता आपणहून वाहते ती गरमकडून गारकडे. म्हणून कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकायची असेल, तर त्याने बाहेरच्या हवेपेक्षा गरम असले पाहिजे. पुण्यात 34 अंशांच्या दुपारी कंडेन्सर 50 अंशांवर असला तरी काम भागते. चंद्रपूर-गडचिरोलीत पारा 45-46 वर गेला की त्याच कंडेन्सरला 60 ते 65 अंशांवर जावे लागते. त्या तापमानाला गॅस द्रव व्हायचा तर दाब 230 ते 260 पीएसआयच्या घरात लागतो; 50 अंशांना 175 पुरतो. म्हणजे तेच इंजिन, तोच पट्टा, तोच कॉम्प्रेसर, पण दाबायचे काम कितीतरी जास्त. शिवाय व्हॉल्व्हपाशी पोचणारा द्रव आधीच इतका तापलेला असतो की त्यातला बराचसा भाग स्वतःलाच गार करण्यात वाफ होऊन जातो. कॉइलसाठी उरतो तो थोडा.

यातून दोन गोष्टी निघतात. पुण्या-मुंबईत वर्षभर कुरकूर न करणारा एसी इथे मे महिन्यात हात टेकू शकतो आणि तरी त्यात काही मोडलेले नसते. कंडेन्सर थोडा मळलेला असतो किंवा पंखा थोडा मंद झालेला असतो, इतकेच. थंड प्रदेशात पचून जाणारा दोष या उन्हात उघडा पडतो. दुसरी गोष्ट तपासणीची. उन्हात तीन तास उभी राहिलेली गाडी आतून 60 अंशांवर गेलेली असते. सीट, डॅशबोर्ड, छत, सगळे तापलेले. तिच्यात बसून दोन मिनिटांत एसीला नापास करणे हा अन्याय आहे. आधी चारही काचा खाली करून थोडे अंतर चालवा, आतली भट्टी बाहेर जाऊ द्या. मग काचा वर करा आणि आतलीच हवा फिरवणारे बटण दाबा. बाहेरची 45 अंशांची हवा गार करत बसण्यापेक्षा आतली 30 अंशांवर आलेली हवा गार करणे एसीला किती तरी सोपे.

आधी लक्षण नीट पाहा

चांगला मिस्त्री पान्याच्या आधी प्रश्न विचारतो. गाडी सावलीत लावा, एसी पूर्ण थंडावर ठेवा, ब्लोअर मध्यम वेगावर, इंजिनाचे फेरे दीड हजारांच्या आसपास. दहा मिनिटे थांबा आणि मधल्या झरोक्यात साधा थर्मामीटर खोचा. आत ओढली जाणारी हवा आणि झरोक्यातून येणारी हवा यांत पंधरा-वीस अंशांचा फरक पडत असेल, तर एसी त्याचे काम करतो आहे. फरक चार-पाच अंशांचाच असेल, तर तो कधी आणि कसा पडतो ते पाहा. लक्षणांचे मोजके प्रकार आहेत आणि प्रत्येकाची वाट वेगळी.

हवा गार आहे पण थोडीच येते: केबिन फिल्टर धुळीने बुजला आहे किंवा ब्लोअर मंदावला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात दिलेल्या मुदतीआधीच भरतो. तो बहुधा डाव्या बाजूच्या डब्यामागे असतो आणि बऱ्याच गाड्यांत हाताने निघतो.

गाडी चालताना हवा गार, उभी राहिली की गरम: कंडेन्सरवरून वारा जात नाही. पंखा पाहा.

अर्धा तास गार, मग हवा कमी होत होत गरम. एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा गार: कॉइलवर बर्फ धरतो आहे किंवा नळ्यांत शिरलेले पाणी व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठते आहे.

इंजिन तापल्यावरच एसी जातो: क्लचची कॉइल किंवा रिले गरम झाल्यावर दगा देते. काही गाड्यांत इंजिन प्रमाणाबाहेर तापले की संगणक मुद्दाम एसी तोडतो. तिथे आधी रेडिएटर बघायचा, एसी नंतर.

बोनेटखालची जाड नळी बर्फासारखी गार आणि तरी झरोक्यातून गरम हवा: गॅसचा काही संबंध नाही. डॅशबोर्डमध्ये गार हवा आणि हीटरची हवा मिसळणारी एक झडप असते. ती हीटरच्या बाजूला अडकली, की गार झालेली हवाच पुढे गरम होऊन येते. केबल निसटलेली असते किंवा झडप फिरवणारी छोटी मोटर बंद पडलेली असते. या गाडीत कितीही गॅस भरला तरी फरक पडणार नाही.

राहिला शेवटचा प्रकार: सुरू केल्यापासून हवा कायम गरम. इथे पहिला प्रश्न, कॉम्प्रेसर फिरतो का?

टक आवाज

कॉम्प्रेसरची पुली पट्ट्याबरोबर सतत फिरत असते. एसीचे बटण दाबले की पुलीपुढची क्लचची चकती विजेच्या चुंबकाने पुलीला चिकटते, टक असा आवाज येतो आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. इंजिन क्षणभर दबते. आवाज आला नाही आणि चकती स्थिर राहिली, तर मिस्त्रीच्या भाषेत कॉम्प्रेसर उचलत नाही. (अनेक नव्या गाड्यांत क्लच नसलेला कॉम्प्रेसर असतो; त्यांत हा आवाज शोधू नये.)

उचलत नसेल तर आधी सगळ्यांत स्वस्त वस्तू पाहायची. फ्यूज. मग रिले. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा आणि एसीचा रिले एकाच क्रमांकाचा असतो. दोघांची अदलाबदल केली आणि एसी चालू झाला, हॉर्न मुका झाला, तर दोष सापडला. त्यानंतर वायर. धान निघाल्यावर अंगणात तणसाचा ढीग असतो, शेजारी गाडी उभी राहते आणि इंजिनाची ऊब उंदरांना आवडते. क्लचपर्यंत जाणारी एक बारीक वायर कुरतडली गेली, तरी एसी पूर्ण बंद. क्लचची चकती झिजली तर तिच्यातली फट वाढते. गार असताना चुंबक ती ओढतो, तापल्यावर ताकद अपुरी पडते. अर्धा मिलिमीटरच्या आसपास असायची ती फट दीडपट-दुप्पट झाली की दुपारी एसी जातो आणि संध्याकाळी आपोआप येतो.

वीज क्लचपर्यंत पोचू न देणारा आणखी एक राखणदार आहे: प्रेशर स्विच. दाब फार कमी झाला तर तो क्लचची वीज तोडतो, कारण कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस नसताना कॉम्प्रेसर कोरडा फिरून जळेल. दाब फार वाढला तरी तो तोडतो, नाहीतर नळी फुटेल. घाईतला कारागीर या स्विचच्या दोन वायरी एकत्र जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने फिरवतो. दोन मिनिटे हवा गार येते, गिऱ्हाईक खूश होते, आणि काही दिवसांत कॉम्प्रेसर आतून खरवडून त्याचा चुरा सगळ्या नळ्यांत पसरतो. मग कॉम्प्रेसर, ड्रायर, व्हॉल्व्ह आणि बहुधा कंडेन्सरही बदलावा लागतो. शंभर-दोनशेचा दोष असा हजारोंवर जातो.

बोनेटसमोरची माती

गडचिरोलीहून चामोर्शी, आष्टी करत आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक धावतात. चामोर्शी तालुक्यातच कोनसरीला लोहप्रकल्प उभा आहे. अशा ट्रकामागे चालणाऱ्या मोटारीच्या नाकात काय जाते ते वेगळे सांगायला नको. कंडेन्सरच्या पत्र्यासारख्या पातळ पापुद्र्यांमध्ये तांबडी धूळ बसते, वर तेलाचा ओलावा, धानाचा कोंडा, पावसाळ्यातले किडे. बाहेरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते. मळ असतो तो कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत.

इथे एक सोपी परीक्षा आहे. एसी चालू ठेवून, झरोक्यात थर्मामीटर ठेवून, कंडेन्सरवर समोरून बादलीभर पाणी हळूहळू ओता. दोन-तीन मिनिटांत हवा स्पष्टपणे गार झाली, तर गॅस आणि कॉम्प्रेसर बहुधा ठीक आहेत. उष्णता बाहेर पडायची वाट अडली आहे. मग दोनच संशयित उरतात: मळ आणि पंखा.

मळ काढताना इंजिन पूर्ण थंड हवे. साध्या नळाच्या धारेने, शक्य तर आतून बाहेरच्या दिशेने धुवायचे. गाडी धुण्याच्या केंद्रातली जोरदार फवारणी जवळून मारली की पापुद्रे वाकतात आणि वाट आणखी बंद होते. पंख्याचे साधे तत्त्व: एसी चालू झाल्यावर थोड्याच वेळात विजेचा पंखा फिरलाच पाहिजे. तो फिरत नसेल तर त्याचा फ्यूज, रिले आणि मोटर. तो फिरतो पण रेंगाळतो, तर मोटरचे ब्रश झिजले आहेत. हात मात्र लांब ठेवा; काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो.

मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने समोरून वारा येतो, त्यामुळे बंद पंखा लपून राहतो. आष्टीच्या चौकात ट्रकांच्या रांगेत गाडी थांबली की त्याचे बिंग फुटते. म्हणूनच “गावात गरम, रस्त्याला लागलो की गार” हे वाक्य मिस्त्रीला सांगितलेच पाहिजे. त्या एका वाक्याने गॅसचा खर्च वाचू शकतो.

गेज काय सांगते, काय सांगत नाही

गॅरेजमध्ये निळी आणि लाल अशी दोन तोंडे असलेले गेज लावले जाते. निळे कमी दाबाच्या बाजूला, लाल जास्त दाबाच्या. इंजिन बंद असताना दोन्ही काटे एकाच आकड्यावर येऊन थांबतात आणि इथेच बहुतेकांची फसगत होते.

बंद यंत्रणेत द्रव आणि वाफ दोन्ही असतील, तर दाब किती हे फक्त तापमान ठरवते. आर-134ए साठी 25 अंशांना तो सुमारे 80 पीएसआय असतो, 35 अंशांना 115, आणि 45 अंशांना 150 च्या वर. आत पूर्ण साडेचारशे ग्रॅम असोत की अर्धेच उरलेले असोत, थोडासा द्रव शिल्लक आहे तोवर काटा तोच आकडा दाखवणार. म्हणजे बंद गाडीत काटा दीडशेवर आहे म्हणून गॅस भरपूर आहे, हे अनुमान चूक. त्या काट्याने दिवसाचे तापमान सांगितले, गॅसचे वजन सांगितले नाही. काटा तापमानाला शोभेल त्यापेक्षा खूप खाली असेल, तेव्हा मात्र तो खात्रीने सांगतो की आत द्रवाचा थेंबही उरलेला नाही.

इंजिन चालू असताना दोन्ही काटे एकत्र वाचावे लागतात. दोन्ही बाजू कमी, तर गॅस अपुरा. दोन्ही बाजू जास्त, तर गॅस जादा भरला आहे, आत हवा शिरली आहे किंवा कंडेन्सर गार होत नाही. कमी दाबाची बाजू जास्त आणि जास्त दाबाची कमी, म्हणजे कॉम्प्रेसर आतून झिजला आहे, दाबतच नाही. कमी दाबाचा काटा शून्याच्या खाली ओढला जातो, तर ड्रायर किंवा व्हॉल्व्हमध्ये वाट बुजली आहे.

यातली दुसरी जोडी आपल्याकडे सर्वाधिक घात करते. दुपारी 45 अंशांत, मळलेल्या कंडेन्सरची गाडी गॅरेजला येते. हवा गार नाही म्हणून आणखी शंभर ग्रॅम गॅस आत ढकलला जातो. जादा द्रव कंडेन्सरमध्ये साठतो, वाफेला द्रव व्हायला जागा कमी पडते, दाब आणखी चढतो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर तोडतो. गॅस भरल्यावर एसी आधीपेक्षा गरम झाला, असे ऐकू येते ते यामुळे.

गळती, व्हॅक्यूम, वजनकाटा

गॅस खरोखर कमी झाला असेल तर भोक शोधल्याशिवाय भरू नये. शोधायची पहिली खूण डोळ्यांना दिसते. गॅसबरोबर तेलही बाहेर येते आणि तेलावर धूळ चिकटते. सांध्यावर काळपट तेलकट डाग दिसला की तिथे संशय घ्यावा. कंडेन्सरला खडी लागलेली असते, कॉम्प्रेसरच्या दांड्यापाशी सील सुकलेले असते, नळीचे रबर फुगलेले असते. गॅस भरायच्या तोंडातली बारीक पिनसुद्धा गळते. तिच्यावरचे प्लास्टिकचे टोपण हरवू देऊ नये. बारीक गळतीसाठी यंत्रणेत कोरडा नायट्रोजन दाबून भरतात आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावतात. डॅशबोर्डमागची कॉइल गळत असेल तर फेस पोचत नाही. तिथे गॅस हुंगणारे यंत्र किंवा निळ्या प्रकाशात चमकणारा रंग वापरावा लागतो. नायट्रोजनऐवजी पंक्चरच्या दुकानातली हवा भरणे म्हणजे आत ओल आणि ऑक्सिजन कोंडणे.

भोक बुजवल्यावर ड्रायर बदलायचा, कारण त्यातले ओल शोषणारे दाणे उघड्या हवेत भरून गेलेले असतात. मग व्हॅक्यूम पंप लावायचा. पंप आतली हवा तर काढतोच, पण त्याचे मोठे काम पाणी काढण्याचे. दाब उतरला की पाणीही कमी तापमानाला उकळते. 45 अंशांना उकळायला त्याला हवेच्या दाबाच्या फक्त एक दशांश दाब लागतो. इथला उन्हाळा या एका कामात कारागिराचा मित्र आहे: तापलेल्या नळ्यांतले पाणी पटकन वाफ होऊन निघते. पावसाळ्यातल्या गार दिवशी पंप जास्त वेळ चालवावा लागतो. अर्ध्या तासाने पंप थांबवून काटा पाहायचा. काटा जागचा हलला नाही तरच गॅस भरायचा. पाच मिनिटे पंप फिरवून लगेच गॅस सोडणाऱ्या ठिकाणी गाडी पुन्हा न्यायची वेळ येणार, हे धरून चाला.

गॅस किती भरायचा हे बोनेटखालच्या चिठ्ठीवर ग्रॅममध्ये छापलेले असते. गॅसचा प्रकारही तिथेच असतो. काही नव्या गाड्यांत आर-1234वायएफ आहे आणि तो आर-134ए च्या गाडीत किंवा उलट भरता येत नाही. साडेचारशेच्या जागी साडेतीनशे भरला तर उन्हात कमी पडतो, साडेपाचशे भरला तर दाब चढतो. म्हणून सिलिंडर वजनकाट्यावर ठेवूनच गॅस सोडायचा. तेल किती गेले त्याचा अंदाज घेऊन तेवढे त्याच जातीचे तेल घालायचे.

हे सगळे घरी करण्यासारखे नाही. नळीतून उडालेला द्रव गॅस कातडीला लागला तर जागच्या जागी गोठवतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततो. जास्त दाबाच्या तोंडाला गॅसचा डबा जोडला तर डबा फुटू शकतो. स्वस्तात मिळतो म्हणून स्वयंपाकाच्या गॅससारखे ज्वलनशील मिश्रण भरून घेणे तर सर्वांत धोक्याचे. ते गार करते, यात शंका नाही. पण कूलिंग कॉइल प्रवाशांच्या पुढ्यात असते आणि गळती झाली की तो गॅस बंद काचांच्या आत साठतो.

हवेत सोडलेले साडेचारशे ग्रॅम

आर-134ए ओझोनला इजा करत नाही, पण उष्णता अडवतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो सुमारे 1,430 किलो कार्बन डायऑक्साइडइतका पृथ्वीला तापवतो. साडेचारशे ग्रॅम हवेत गेले म्हणजे 640 किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडला. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला अठरा किलोमीटर देणाऱ्या गाडीने जवळपास पाच हजार किलोमीटर धावावे, तेवढे हे प्रदूषण, आणि ते एका दुपारी एका सैल सांध्यातून होते. 2016 मध्ये किगाली येथे अशा गॅसांचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरले. भारताने 2021 मध्ये त्याला मान्यता दिली. गळकी गाडी दरवर्षी भरत राहणे म्हणजे खिशाला आणि उन्हाळ्याला एकाच वेळी चटका.

तपासणी कधी, कुणाकडून

एसीचे दुखणे मे महिन्यात कळते, तेव्हा गॅरेजमध्ये रांग असते आणि घाईत फक्त गॅस भरला जातो. मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा आटोपली की ही तपासणी करून घ्यावी: कंडेन्सर धुणे, केबिन फिल्टर, पंखा, पट्ट्याचा ताण, झरोक्यातले तापमान. मोजलेला आकडा लिहून ठेवला तर पुढच्या वर्षी तुलना करता येते. थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवावा. तेल फिरते, सील ओले राहते. पावसाळ्यात तर एसी हवेतली ओल काढून काचेवरची वाफ घालवतो. तेव्हा गाडीखाली ठिबकणारे पाणी पाहून घाबरू नये. ते बाहेर न ठिबकता पायाखालच्या चटईवर आले, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

कारागीर निवडताना त्याच्याकडे तीन वस्तू आहेत का पाहा: दोन तोंडी गेज, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा. आणि त्याला तीन प्रश्न विचारा: गळती कुठे सापडली, व्हॅक्यूम किती वेळ धरून राहिला, किती ग्रॅम भरला? ज्याला ही उत्तरे देता येतात त्याचे दोन पैसे जास्त गेले तरी स्वस्त पडतात.

अशा कारागिरांची गरज या भागात वाढणार आहे. साडेतीन टनांवरच्या नव्या मालवाहू ट्रकांच्या केबिनला एसी असलाच पाहिजे, असा नियम केंद्राने 2025 पासून लागू केला. आजवर उघड्या खिडकीतून धूळ आणि झळ खात आष्टीचा रस्ता तुडवणाऱ्या चालकांना तो हक्क मिळाला. आता धुळीने बुजणारे कंडेन्सर आणि खडीने फुटणाऱ्या नळ्या ट्रकांतही असतील. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक आणि रेफ्रिजरेशन-वातानुकूलन हे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. मोटारीचा एसी दुरुस्त करणाऱ्याला दोन्हींतले यावे लागते: पट्टा, पंखा आणि वायरिंग पहिल्यातले, दाब, व्हॅक्यूम आणि ग्रॅम दुसऱ्यातले. चामोर्शीतल्या एखाद्या पोराने ही दोन्ही अंगे नीट शिकून घेतली, तर एसीच्या दुरुस्तीसाठी नागपूरची वाट धरणाऱ्या गाड्या त्याच्याच दारात थांबतील.